दक्षिणेच्या बाल्कनीत टोमॅटो का धरला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट, दक्षिणेकडे तोंड असलेली दहा बाय चार फुटांची बाल्कनी, डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब, पुढे कबुतरांची जाळी. फेब्रुवारीच्या मध्यावर नर्सरीतून टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं आणली आणि बारा इंची कुंड्यांत लाल मातीत लावली. टोमॅटो उंच वाढला, फुलं आली आणि गळून गेली. मिरचीची पानं आकसली. आता एप्रिल संपत आलाय. खत कुठलं घालू, आणि चौघांच्या घराला पुरेल एवढी भाजी या जागेत निघेल का?

ताई, खताचं नंतर बोलू. तुमच्या झाडांना खत कमी पडलेलं नाही, ऊन कमी पडलंय. आणि ते तुम्ही रोपं लावल्यानंतर हळूहळू कमी होत गेलंय, म्हणून लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत ती बाल्कनी उन्हाने भरलेली असणार. आज दुपारी साडेबाराला तिथे उभं राहून पाहा, उन्हाची पट्टी कठड्यालगत वीतभर उरली असेल.

हे असं का होतं ते एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य इथे दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. स्लॅब नऊ फुटांवर धरला तर त्या दिवशी ऊन आठ फूट आत येतं, म्हणजे तुमची चार फुटांची बाल्कनी ओलांडून हॉलमधल्या सोफ्यापर्यंत. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य ५८ अंशांवर चढतो आणि ऊन साडेपाच फूट आत येतं. २१ मार्चला ७१ अंश, ऊन तीन फूट. एप्रिलअखेर ८५ अंश, ऊन वीतभर. मेच्या मध्यावर तुमच्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येईपर्यंत दक्षिणेच्या भिंतीला सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीच थेट ऊन लागत नाही. पावसाळी ढग हिशेबात न धरताही नाही.

म्हणजे टोमॅटो फुलावर आला तेव्हा त्याचं ऊन निघून गेलेलं होतं. झाड उंच झालं ते जोमाने नाही, उजेड शोधत. पेऱ्यांमधलं अंतर बघा, चार-पाच इंचांचं असेल आणि खोड जाळीकडे झुकलेलं असेल. त्यात दुसरा घाव उकाड्याचा. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, आणि फूल देठावरच्या गाठीपासून सुटून पडतं. ठाणे-मुंबईत एप्रिल ते ऑक्टोबर बहुतेक रात्री अशाच असतात. नाशिक-पुण्याकडच्या लोकांचे टोमॅटोचे फोटो बघून आपण इथे तशी अपेक्षा ठेवतो, पण त्यांच्या रात्री गार असतात. यावर बाजारात मिळणारं कुठलंही 'फूलगळ थांबवणारं' औषध आणू नका. पैसे जातील.

मग या बाल्कनीचा हंगाम कोणता? दसरा ते महाशिवरात्र. बाकीच्या जगासाठी पावसाळा हा लागवडीचा काळ असेल, तुमच्यासाठी नाही. दक्षिणेच्या बाल्कनीला हिवाळ्यात जे मिळतं ते गच्चीवाल्यांनाही हेवा वाटावा असं आहे: सकाळी नऊपासून चारपर्यंत तिरपं ऊन आणि १७-२० अंशांच्या रात्री. टोमॅटोला याहून काय हवं!

गणपती उठले की बी टाका. ट्रे घेतला नाहीत तरी चालतं, चहाच्या कागदी कपाला खाली भोक पाडून एकेक बी टाकलं की झालं. साधारण २५ दिवसांत, पाच-सहा पानांवर आलं की मोठ्या भांड्यात हलवायचं. हलवताना टोमॅटोचं रोप पहिल्या खऱ्या पानांपर्यंत (बियातून निघणाऱ्या दोन साध्या पानांनंतर येणारी) खोल गाडा, खोडालाही मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र होती तेवढीच खोल ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यावर लावलेल्या टोमॅटोची फळं डिसेंबरअखेरीपासून मिळू लागतात आणि संक्रांत ते शिवरात्र हा तोडणीचा भर. वाण घेताना झुडपी वाढणारा किंवा चेरी टोमॅटो घ्या. आठ-आठ फूट चढणाऱ्या वाणांना तुमच्याकडे उंचीच नाही.

टोमॅटोच्या फुलाला मधमाशी लागतेच असं नाही, त्याचं परागण त्याच्याच फुलात होतं, फक्त हलायला हवं. नवव्या मजल्यावर वारा ते काम करतो. काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेल्या बाल्कनीत तो येत नाही, तिथे सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारावी. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.

या हंगामात माझी पहिली पसंती मात्र टोमॅटो नसून श्रावणघेवडा आहे. झुडपी वाण घ्या. नाव श्रावणाचं असलं तरी तुमच्या बाल्कनीत तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम येतो. आठ-नऊ इंच खोल भांडं पुरतं, बी थेट पेरायचं, ४५-५० दिवसांत शेंगा, आणि दर तीन आठवड्यांनी चार-चार बिया टाकत गेलात तर तोडणी चालू राहते. दुसरी पसंती वालाची. वाल-पावट्याची बरीच जुनी वाणं दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. जूनमध्ये पेरली तर ऑक्टोबरपर्यंत नुसता पाला वाढवतात आणि लोक समजतात बी खोटं निघालं. ऑगस्टअखेर पेरा, वेल कबुतरांच्या जाळीवर चढवा, दिवाळीच्या पुढे-मागे फुलं येतील. जाळी नायलॉनची असते, त्यामुळे हंगाम संपल्यावर वेल ओढून काढू नका. बुंध्याशी कापा, वाळू द्या, मग कात्री न लावता हाताने सोडवा. वालाचं बी गावाकडून मिळालं तर सर्वांत छान. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती अशीच देशी बियाणी जपल्याबद्दल, आणि त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याची वाणं पुष्कळ आहेत. दोन शेंगा झाडावर पूर्ण वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचं.

कोबी, फ्लॉवर, मटार या नादाला लागू नका. एक कुंडी तीन महिने अडवून एक गड्डा मिळतो आणि त्यातही अळी आपला वाटा आधी घेते. मटाराला ठाण्याचा हिवाळा पुरत नाही. भेंडी, दोडका, दुधी ही उन्हाळी-पावसाळी पिकं, त्यांच्या दिवसांत तुमच्याकडे ऊनच नसतं. ती पूर्व किंवा पश्चिम बाल्कनीवाल्यांची. (त्यांनी एक लक्षात ठेवावं: दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. वरच्या मजल्यांवर कीटक कमी येतात, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं, ओळखायला सोपं.) उत्तरेच्या बाल्कनीचं तुमच्या बरोबर उलट, तिला थेट ऊन उन्हाळ्यातच मिळतं आणि तेही सकाळ-संध्याकाळचं. तिथे पालेभाज्यांवर समाधान मानावं.

आणि मे ते सप्टेंबर तुम्ही काय करायचं? सावलीची पिकं. अळू, एक मोठा टब, कडेला, पाणी भरपूर. पुदिना, पानओवा. मायाळूला थोडं ऊन आवडतं पण उजेडावरही भागवतो, पानं जरा मोठी आणि पातळ येतात इतकंच. हळद आणि आलं तर आत्ताच लावा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावायची आपल्याकडची रीत आहेच. डोळे फुगलेला कंद घ्या, दोन इंच खोल ठेवा. ही पिकं अर्ध्या सावलीत वाढतात आणि जानेवारीत पानं पिवळी पडली की काढायला येतात. शेताएवढं उत्पादन येणार नाही, पण ओली हळद आणि सारस्वतांकडे पातोळ्यांना लागणारी पानं घरची मिळतील.

पावसाळ्यात आणखी एक पीक घ्या जे मुंबईच्या बाहेर फार कुणाला माहीत नाही: समुद्रमेथी. बाजारात मुळांसकट, वाळू लागलेल्या बोटभर जुड्या मिळतात, तीच. घरातली मेथी रात्रभर भिजवा, दोन-तीन इंच खोल थाळीवजा भांड्यात दाट पसरा, वरून मातीचा हलका थर द्या. आठ-दहा दिवसांत कापणी. एवढ्या लहान रोपाला उन्हाची फारशी गरज नसते, ते बियातल्याच शिध्यावर वाढतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चौघांच्या घराला पुरेल का? नाही. चाळीस चौरस फुटांत, चालायची वाट सोडून, दहा-बारा भांडी बसतील. टोमॅटोच्या एका झाडाने हंगामभरात दोन किलो दिले तरी ते चांगलं झाड म्हणायचं. वांग्याची दोन झाडं आठवड्याला एकदा भरल्या वांग्यांपुरती देतील. खरा फायदा पालेभाजीत आणि वरवरच्या गोष्टींत आहे: मेथी, कोथिंबीर, लाल माठ, आंबट चुका, मिरची, कढीपत्ता. बाजारात पावसाळा संपेपर्यंत कोथिंबिरीची जुडी काय भावाला जाते ते तुम्हाला सांगायला नको. मेथीसाठी फळांचे प्लास्टिक क्रेट घ्या, आतून जुनी गोणी लावा, तीन क्रेटमध्ये दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. चार आठवड्यांत कापायला येते, म्हणजे हिवाळाभर दर दहा दिवसांनी एकदा घरची मेथी. धणे मात्र पेरण्यापूर्वी लाटण्याने हलकेच दोन फाका होतील इतके रगडा, रात्रभर भिजवा आणि उगवायला आठ-बारा दिवस थांबा. चौथ्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर कधीच उगवत नाही.

भांडी आणि माती. बारा इंची कुंडी मिरचीला ठीक, टोमॅटो-वांग्याला अपुरी. २० लिटरची रंगाची बादली धुऊन घ्या, रंगकाम चाललेल्या इमारतीत मिळते. तळाशी मधोमध एकच भोक नको, तळाच्या कडेने चार-पाच पाडा. भोकावर नारळाच्या शेंडीचा बोळा ठेवा. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायची पद्धत सगळीकडे सांगतात, मला ती पटत नाही. पाणी त्या थराच्या वरच्या मातीत थबकतंच, आणि मुळांची चार इंच जागा फुकट जाते.

नुसती लाल माती ही कुंडीतली सर्वांत मोठी अडचण. महिन्याभरात ती दगडासारखी बसते, पाणी कडेने निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. शिवाय वजन. २० लिटरची बादली ओल्या लाल मातीने भरली तर तीस किलोच्या पुढे जाते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड, हे मिश्रण ओलं असताना वीस किलोच्या आसपास राहतं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. ती दोन-तीन वेळा धुऊन पाणी फेकून द्या, तिच्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांची पानं त्यानेच कडेने करपतात.

याहून स्वस्तात करायचं तर रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणा आणि सोसायटीतला पालापाचोळा गोळा करा. अर्धं भांडं चिपाड-पाल्याने दाबून भरायचं, शेणखताचं पाणी शिंपडायचं, वर मिश्रण घालायचं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने कमी मातीतली ही शेती महाराष्ट्रभर लोकांच्या हाती दिली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. तुमच्याकडे एप्रिल ते सप्टेंबर भांडी निम्मी रिकामी राहणार आहेत. हाच काळ ती भरून कुजत ठेवायला योग्य. दसऱ्यापर्यंत पाला खाली बसतो, वरून पुन्हा भर घालायची आणि रोप लावायचं.

खत. मिश्रण चांगलं असेल तर पहिला महिना काही नको. नंतर शेंगदाणा पेंड मूठभर, दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून पंधरा दिवसांतून एकदा. झाड गर्द हिरवं, पानं मोठी आणि फुलं नाहीत असं दिसलं की पेंड थांबवा, नत्र जास्त झालंय. जीवामृत उत्तमच, पण शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन बंद फ्लॅटमध्ये चार दिवस ठेवून शेजाऱ्यांशी संबंध राखणं हे वेगळं कौशल्य आहे. टोमॅटोच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडला तर अंड्याची टरफलं घालायला धावू नका. ती विरघळायला महिनोन्‌महिने लागतात. तो डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने पडतो, आणि न पोचण्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यातली अनियमितता असते: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर.

पाणी किती, याला लिटरमध्ये उत्तर नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा, खाली ओल लागली तर घालू नका. नवव्या मजल्यावरचा वारा माती उन्हाइतकीच वाळवतो, हे खालच्या मजल्यावरून आलेल्या सल्ल्यात सांगितलेलं नसतं. वर वाळक्या पाल्याचं दोन इंच आच्छादन ठेवलंत तर पाण्याची बरीच बचत होते. कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला तयार होतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरी येऊन थाळ्याच आधी बघतात ते उगीच नाही.

मिरचीचं राहिलं. पानं आकसतात याला सगळे चुरडा-मुरडा म्हणतात, पण कारणं तीन आहेत आणि उपाय वेगळे. पानांच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील आणि शेंड्याची पानं अरुंद, राठ झाली असतील तर कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड, माइट). पानं बारीक, पिवळट, झाड खुरटलेलं आणि नवा शेंडाच येत नसेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून पाहा, फुलकिडे असतील तर पिवळसर-तपकिरी रेघा चालताना दिसतील. पहिल्या दोन्हींत आकसलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक चांगलं चालतं, लिटरला २ ग्रॅम. पण ते कडक उन्हात नको आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नको, पानं भाजतात. विषाणू असेल तर झाड उपटा. त्याला काही उपाय नाही आणि ठेवलं तर वांगी-टोमॅटोकडेही पांढरी माशी वाढत राहते.

वांगं उपटू नका. आत्ता बुंध्यापासून आठ-दहा इंचांवर छाटा आणि उजेडाच्या कडेला ठेवा. बहुतेक वेळा ते पावसाळा काढतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात नव्याने फुटतं. मिरची वाचली तर तिचंही तसंच. टोमॅटो काढून टाका, त्या कुंड्यांत उद्याच आलं लावा.

एवढ्या भांड्यांचं वजन दोन-अडीचशे किलोच्या घरात जाईल. जड बादल्या घराच्या भिंतीला लागून, हलके क्रेट कठड्याकडे. मधे एकाच जागी सगळं रचू नका. इमारत जुनी असेल किंवा बाल्कनीच्या तळाला तडे दिसत असतील तर आधी सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा. कठडा भरीव भिंतीचा असेल तर हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळावं म्हणून भांडी फूटभर उंच लोखंडी स्टँडवर घ्या. कठड्याच्या बाहेर मात्र एकही कुंडी टांगू नका, मग ती कितीही तारेने बांधलेली असो. आणि पाणी सकाळी साडेसहाच्या आत घाला, खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे दोरीवर पडायच्या आधी.